बाईंचा 'रेडी' आणि माझ्या नावचा भात

आजच्या या सभेच्या अध्यक्षस्थानी असलेले माननीय मुख्याध्यापक देवानंद सर, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण भातकापणी अर्धी टाकून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती आदरणीय जयश्रीबाई, तैवानहून आलेल्या आणि आता जामसरच्याच झालेल्या लिनताई व त्यांचे यजमान चेनदादा, मोखाड्याहून पहिल्या जीपने उभ्या-उभ्या आलेली पाहुणेमंडळी, आणि मागच्या रांगेत बसून आत्तापासूनच माझ्याकडे बघून हसणारे माझे जुने वर्गमित्र,

सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव तुषार. बांबूकाम केंद्राची जीप चालवतो. भाषण करायची ही माझी पहिलीच वेळ, म्हणून लिहून आणलंय. चार पानं आहेत. बाई, घड्याळाकडे बघू नका, अक्षर मोठं आहे.

देवानंद सर मला म्हणाले, "तुषार, बाईंविषयी पाच मिनिटं बोल, आणि मुद्द्याला धरून बोल." पाच मिनिटांचं बघू, पण मुद्द्याला धरून मी आयुष्यात कधी काही केलेलं नाही. दहावीनंतर मी पिंपळगावला टोमॅटोच्या क्रेट उचलल्या, दमणला हॉटेलात बशा धुतल्या, एक हंगाम मच्छीच्या बोटीवर होतो, तिथे रोज उलटी व्हायची म्हणून परत क्रेटवर आलो. बोटीवरचा एक तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, होता, तो भरतीच्या आधी समुद्राचा वास घेऊन... असो. तांडेलाचं नंतर.

मुद्दा असा आहे, की बाईंनी मला पंधरा दिवसांपूर्वी एक प्रश्न विचारलाय आणि मी उत्तर दिलेलं नाही. केंद्रावर रोज दुपारी चार वाजता लिनताई, चेनदादा आणि त्यांच्याबरोबरची दोन माणसं यांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. तो बाई घेतात. शाळा सुटली की जव्हारहून जीपमध्ये बसायचं, जामसरला उतरायचं, तासभर शिकवायचं, परत जायचं. दोन वर्षं झाली. चहाशिवाय काही घेतलं नाही, आणि चहासुद्धा बिनसाखरेचा. आज बाई सेवानिवृत्त होतात, उद्या सकाळी सिन्नरला लेकीकडे जाणार. मग वर्ग कोण घेणार? बाई मला म्हणाल्या, "तू घे."

मी म्हटलं, "बाई, मी दहावी नापास आहे. इंग्रजीतच नापास आहे."

त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. मी विचारतेय, आर यू रेडी?"

मी म्हटलं, "बघू."

'बघू' म्हणजे काय हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. माझी बॅग भरलेली असते तेव्हा मी 'बघू' म्हणतो. तर ते उत्तर आज द्यायचंय. पण त्याआधी हा 'रेडी' शब्द काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. हो ढवळूकाका, येतो मुद्द्यावर, हाच मुद्दा आहे.

लिनताई आल्या तेव्हा त्यांना इंग्रजी आपल्यासारखंच येत होतं. म्हणजे थोडं, आणि घाबरत. त्यांच्या देशात बांबूचं काम फार नाजूक करतात, ते आपल्या लोकांना शिकवायला आणि आपलं सूप, टोपली, कणगी शिकायला त्या आल्या. आता एका बाजूला चिनी बोलणारी माणसं, दुसऱ्या बाजूला आमची मंडळी. मराठीसुद्धा आमची शाळेत गेल्यावरची भाषा, घरची वेगळीच. मधे पूल कुठला? इंग्रजी. दोन्ही काठांवरच्या माणसांना न येणारी भाषा, आणि तिचाच पूल! म्हणून बाईंना बोलावलं.

पहिल्या आठवड्यात लिनताईंची टोपली विणून झाली. त्यांनी ती समोर ठेवली आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम रेडी."

बाई म्हणाल्या, "रेडी फॉर व्हॉट?"

लिनताई टोपलीकडे बघतात, बाईंकडे बघतात. म्हणतात, "रेडी. फिनिश."

मग बाईंनी खडू घेतला. मी जीप उभी करून दारात टेकलो होतो. मला वाटलं, दोन मिनिटांत जाऊ. तो वर्ग तीन दिवस चालला, एका शब्दावर. जीप रेडी आहे, म्हणजे डिझेल भरलंय, चाकात हवा आहे, फक्त ड्रायव्हर पान खायला गेलाय. (हे वाक्य फळ्यावर लिहिलं होतं, माझ्याकडे न बघता.) मी मदतीला रेडी आहे, म्हणजे राजी आहे. त्याचं उत्तर नेहमी रेडी असतं, म्हणजे तो हजरजबाबी आहे. पोर रडायला रेडी आहे, म्हणजे ओठ बाहेर आलेत, आता कुठल्याही क्षणी. केंद्रातले जुने कारागीर ढवळूकाका तिथेच कामट्या काढत होते. ते म्हणाले, "आनि बांबू?" बाई म्हणाल्या, "बांबू कधी रेडी होतो ते तुम्ही सांगा काका." काकांनी कोयत्याच्या पाठीने एका बांबूवर टक् केलं, दुसऱ्यावर टक् केलं. "ह्यो नाय, अजून पानी हाय त्याच्यात. ह्यो हाय. तीन पावसाळे खाल्लेत त्यानं." लिनताईंनी कान लावून दोन्ही आवाज ऐकले आणि वहीत लिहून घेतले. आवाज कसे लिहिले देव जाणे. मी वही बघितली, छोटी छोटी घरं काढल्यासारखं काहीतरी होतं.

लिनताईंनी मग त्यांच्याकडची गंमत सांगितली. त्यांच्याकडे या एका शब्दाची कामं चार-पाच शब्द वाटून घेतात. काम झालं की 'हाओ ल' म्हणतात, त्याचा सरळ अर्थ 'चांगलं झालं'. फळ पिकलं, भात शिजला, त्याला निराळा शब्द, 'शू' असा काहीसा. आणि तोच शब्द ओळखीच्या माणसालासुद्धा लावतात. पिकलेला आंबा, शिजलेला भात आणि जवळचं माणूस, तिघांना एकच शब्द! मला हे फार आवडलं. मी तेव्हापासून ढवळूकाकांना मनातल्या मनात शिजलेला माणूस म्हणतो. माफ करा काका.

तर लिनताईंना सवय 'हाओ ल'ची. झालं, संपलं, रेडी. आणि बाई रोज सांगत, "लिन, रेडी संपल्यावर येत नाही. रेडी सुरू होण्याच्या आधी येतं. त्याच्यापुढे नेहमी काहीतरी असतं. टू गो, टू ईट, फॉर वर्क. म्हणून मी विचारते, फॉर व्हॉट?"

आता तुम्ही म्हणाल, हा पठ्ठ्या तेव्हा जीप घेऊन दारात कसा? हा तर पळून गेला होता ना? बरोबर आहे. मी गोष्ट उलटी सांगितली. टोपलीवरून झालेला तो वर्ग मी ऐकलेला नाही. मला तो बाईंनी, काकांनी आणि लिनताईंनी इतक्या वेळा सांगितलाय, की मला दारात टेकलेला मीच दिसतो. तेव्हाचा ड्रायव्हर दुसरा होता. पानही त्याचंच. पण खोटं बोलून निरोपाचं भाषण करायचं नाही असं मी ठरवलंय, आणि बाईंशी एक खोटं आधीच बोलून बसलोय. तेही आज सांगून टाकतो.

सहा वर्षांपूर्वी, दहावीच्या इंग्रजीच्या पेपराला मी नाव लिहिलं, नंबर लिहिला, पहिला प्रश्न अर्धा सोडवला आणि उठलो. का उठलो ते विचारू नका. बाहेर रस्त्यावर एक ट्रक उभा होता, त्याचा क्लीनर गाणं म्हणत होता, आणि मला वाटलं, तो कुठेतरी चाललाय आणि मी इथे बसलोय. फाटकापाशी बाई उभ्या होत्या. पोरांसाठी लिंबू-पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. एक तासही झाला नव्हता. त्या म्हणाल्या, "झाला रे पेपर?"

मी म्हटलं, "झाला बाई."

त्यांनी मला पाणी दिलं. मी प्यायलो, आणि त्या ट्रकमध्ये चढलो.

बाईंना कळलं नसेल का? बाई, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मान हलवू नका, मला रडू येतं.

निकाल लागल्यावर माझी आई, ही बसलीय ती दुसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात, नवशीबाई, ती शाळेत गेली. विचारलं, "बाई, माझा पोऱ्या कशानं गेला?" बाई म्हणाल्या, "माझ्याच विषयात राहिला तो. मीच शिकवायला कमी पडले." हे मला आईने सांगितलं. आई पाच वर्षं हेच धरून होती, की पोराची चूक नाही. बाई तिला दर दोन-चार महिन्यांनी भेटायला जायच्या. मला फोन करायच्या. मी उचलायचो, बघू म्हणायचो.

आता आमच्या घरातली एक रीत सांगतो. नवा भात आला की आधी देवाला, मग पितरांना, मग घरातल्या माणसांना. हे सगळ्यांकडेच आहे. पण आमच्याकडच्या जुन्या घरांत असंही आहे, की जो माणूस बाहेरगावी असेल त्याच्या वाट्याचा भात कुटायचा नाही, शिजवायचा नाही. तुसासकट ठेवायचा. माझ्या आईचा हात बांबूत चांगला आहे, म्हणून ती वीतभर कणगी विणायची, धान्याच्या मोठ्या कणगीचं पिल्लूच म्हणा, शेणाने सारवायची, त्यात दोन ओंजळी भात घालून आढ्याला टांगायची. माणूस आला की ती उघडायची. आणि तो नसताना त्याच्या नावचा भात कधी शिजवायचा? तो मेला तरच.

मी पाच हंगाम घरी नव्हतो. आढ्याला पाच कणग्या होत्या.

लिनताई आणि चेनदादा केंद्राच्या खोलीत राहतात, आमच्या घराला लागूनच. आई त्यांना रोज जेवायला घालते. गेल्या वर्षी याच दिवसांत, एका रविवारी सकाळी, लिनताईंच्या मनात आलं, की नवशीताई रोज आपल्याला करून घालते, आज आपण तिला करून घालू. आई पहाटेच कापणीला गेली होती. लिनताई घरात आल्या. वर बघितलं, तर सगळ्यात खालची कणगी नवीन, सुबक. कारागिराची नजर, त्यांना वाटलं, इतकी सुंदर कणगी आणि तिच्यात खास जपून ठेवलेला भात, म्हणजे हा सणाचा भात असणार. काढला. उखळात कुटला, आईनेच शिकवलं होतं. पाखडला, धुतला, शिजवला. आणि आई विळा घेऊन दारात आली तेव्हा हसत पुढे आल्या, "नवशीताई, भात रेडी! भात रेडी!"

आईने वर बघितलं. चारच कणग्या.

आई ओरडली नाही, असं काका सांगतात. ती उंबऱ्यावर बसली आणि एवढंच म्हणाली, "गं बाय, काय केलास? माझा पोऱ्या जिता हाय गं."

लिनताईंना शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. त्याही खाली बसल्या. इतक्यात रविवारचा वर्ग घ्यायला, तो सकाळी असतो, बाई आल्या. बघतात तर दोघी बायका उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून रडताहेत, मधे वाफा निघणारं पातेलं, आणि चेनदादा पंख्याने वारा घालताहेत, कुणाला ते त्यांनाही माहीत नाही.

बाईंनी काकांना विचारलं, "आता यावर उपाय काय?"

काका म्हणाले, "उपाय एकच. ज्याचा भात त्यानं खायचा. दिवस बुडायच्या आत."

बाईंनी मला फोन लावला. साडेनऊ वाजले होते. मी पिंपळगावला मार्केटात, अंगावर क्रेट. बाई नेहमीसारखं 'कधी येतोस' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुषार, तुझ्या नावचा भात शिजलाय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि क्रेट हातातून सुटली. टोमॅटो सगळे रस्त्यावर. मुकादम म्हणतो, "अरे, कौन मर गया?" मी म्हटलं, "मैं. शाम तक जाके खाना नहीं खाया तो मैं."

टेम्पोने नाशिक, एसटीने त्र्यंबकच्या पुढे, घाटात गाडी बंद पडली. ड्रायव्हर म्हणतो, तासभर. तासभर कुठला? मी मोटरसायकलवाल्याला हात केला, मोखाड्याला सोडलं त्याने. तिथे जीप भरायची थांबलेली, दोन माणसं कमी. मी म्हटलं, चला, माझ्या नावचा भात शिजलाय. जीपमधल्या म्हाताऱ्या धोंडीबाई ओरडल्या, "अरे, चालव रं! ऐकलास ना त्यानं काय सांगितला!" ज्यांना रीत ठाऊक होती त्या सगळ्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला लावली. आज त्या धोंडीबाईही आल्यात. नमस्कार, आजी.

मी पोचलो तेव्हा ऊन कौलांवर होतं. आईने पान मांडलं, भात वाढला. गार झालेला, खाली थोडा लागलेला, वर लिनताईंनी त्यांच्या पद्धतीने काहीतरी तीळ भुरभुरलेले. मी एक दाणा ठेवला नाही. समोर आई, लिनताई, काका आणि बाई बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, जसं काही मी परीक्षेला बसलोय.

पान पुसून झाल्यावर लिनताई आईचे हात धरून 'सॉरी, सॉरी' म्हणायला लागल्या. आणि आई काय म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाली, "तूच बरा केलास गं बाय. मी पाच वरसं नुसती ठेवत व्हती. तू शिजवलास, म्हनून तो आला."

बाईंनी ते लिनताईंना इंग्रजीत सांगितलं. सांगताना चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून, पेपराच्या दिवशी फाटकापाशी होता अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "झाला रे?"

मी म्हटलं, "नाही बाई. पेपर झाला नव्हता."

त्या म्हणाल्या, "पाणी पी."

बाई, एवढंच म्हणालात तुम्ही. त्यानंतर गेलं वर्षभर मी जीप चालवतोय, वर्गात मागे बसतोय, चेनदादांच्या वाक्यातला चुकलेला 'टू' आता मलाही टोचतो. पण खरं सांगतो, या वर्षात तीनदा बॅग भरली. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही विचारलंत, त्या दिवशीसुद्धा भरली. मला वाटायचं, ज्याचं सगळं झालंय तो रेडी. पास झालेला, शिकलेला, भीती गेलेला. माझं तर काहीच 'हाओ ल' नाही. मग मी कुठल्या तोंडाने फळ्यापाशी उभा राहू?

परवा संध्याकाळी मी बॅग घेऊन ओटीवर बसलो होतो आणि आई आत कामट्या सोलत होती. बघतो तर वीतभर कणगी विणायला घेतलेली. मी म्हटलं, "आई, मी जायच्या आधीच माझी कणगी?"

ती मान वर न करता म्हणाली, "तुझी कशाला? तू हायस ना घरात. ही बाईंची."

मी बॅग रिकामी केली. आता तिच्यात लिनताईंच्या भरून झालेल्या वह्या आहेत.

बाई, शाल, श्रीफळ, मानपत्र तुम्हाला मिळालंच आहे, शाळेने दिलेलं घड्याळ चांगल्या कंपनीचं आहे, मी स्वतः जव्हारहून आणलं. पण ही आमच्या घरची कणगी आम्ही तुम्हाला देणार नाही. फक्त दाखवायला आणलीय, ही बघा. यात या वर्षीच्या हळव्या, म्हणजे आधी पिकलेल्या, भाताच्या दोन ओंजळी आहेत. ही आज परत घरी जाईल आणि आढ्याला टांगली जाईल. रीत तुम्हाला माहीत आहे. तुम्ही घरातलं माणूस आणि बाहेरगावी निघालात, म्हणून हा ठेवायचा. तुम्ही याल तेव्हा शिजेल. लवकर या. फार उशीर केलात तर सांगून ठेवतो, लिनताई शेजारीच राहतात, आणि त्यांना उखळ कुठे असतं ते माहीत आहे. मग सिन्नरहून दिवस बुडायच्या आत यावंच लागेल, घाटात गाडी बंद पडली तरी.

अध्यक्ष महाराज, पाच मिनिटांचे किती झाले ते मी मोजले नाहीत, तुम्ही अडवलं नाहीत त्याबद्दल आभार. मंडप घालणाऱ्यांचे, माइक दोनदा दुरुस्त करणाऱ्याचे, कापणी सोडून आलेल्या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शिजलेला म्हटलं असेल, मोठ्यांपुढे शब्द कमी-जास्त झाला असेल, तर आपल्या घरातल्या पोराचा समजून पोटात घाला. तांडेलाची गोष्ट राहिली. राहू दे.

आणि बाई, उत्तर.

तुम्ही विचारलं होतं, आर यू रेडी? मी नुसतं 'यस' म्हटलं तर तुम्ही लगेच विचाराल, फॉर व्हॉट, म्हणून पूर्ण वाक्यात सांगतो. मार्चच्या इंग्रजीच्या पेपरासाठी, फॉर्म भरलाय, या वेळी शेवटची घंटा होईपर्यंत बसेन. आणि उद्या चार वाजताच्या वर्गासाठी. भीती अजून गेलेली नाही. तरी आय अ‍ॅम रेडी.

लिनताई, उद्या नवी वही आणा. उशीर करू नका.